वाहन-प्रश्नोत्तरे : सेन्सर खरा की खोटा?

या खेपेस आलेल्या पत्रांपैकी निम्म्याहून अधिक पत्रे एकाच दुखण्याची आहेत. गाडीच्या तापमानाबाबत काहीतरी बिनसले, गाडीच्या संगणकातील माहिती वाचणाऱ्या यंत्राने, म्हणजे स्कॅनरने, बिघाडाचा एक कोड दाखवला, त्या कोडात सेन्सरचे नाव होते म्हणून सेन्सर बदलला आणि तक्रार जिथल्या तिथे राहिली, अशी ती कहाणी आहे. म्हणून हे संपूर्ण सदर त्याच विषयाला दिले आहे. पत्रे थोडी संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : माझ्या पेट्रोल गाडीचा तापमानाचा काटा चालता चालता अचानक लाल पट्टीकडे उडी घेतो आणि मिनिटाभरात आपोआप खाली येतो. कूलंटच्या (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाच्या) तापमानाचा सेन्सर बदलला. पंधरा दिवस बरे गेले, आता पुन्हा तेच. नवा सेन्सरही सदोष निघाला असे मेकॅनिकचे म्हणणे आहे. असे होऊ शकते का?

उत्तर : होऊ शकते, पण लागोपाठ दोन सेन्सर बिघडण्यापेक्षा तिसऱ्याच ठिकाणचा दोष दोघांच्या माथी मारला जाण्याची शक्यता कितीतरी अधिक असते. आपल्या पत्रातील ‘पंधरा दिवस बरे गेले’ हे वाक्य मला सर्वांत महत्त्वाचे वाटते, कारण सेन्सर बदलताना आणखी दोन गोष्टी आपसूक घडतात. सेन्सर काढला की थोडे कूलंट सांडते, त्यामुळे नंतर ते वरून भरले जाते. आणि कनेक्टर काढून पुन्हा बसवल्यामुळे त्याच्या पिना घासल्या जाऊन तात्पुरत्या स्वच्छ होतात. या दोहोंपैकी एकाने आपल्याला पंधरा दिवसांचा दिलासा दिला असावा आणि श्रेय मात्र नव्या सेन्सरला मिळाले असावे.

आता उडीविषयी. इंजिनाचा धातू आणि त्यात फिरणारे कित्येक लिटर कूलंट यांचे तापमान एका क्षणात वीस-तीस अंशांनी वाढत नाही आणि मिनिटाभरात तितकेच उतरतही नाही. खरोखर तापणाऱ्या इंजिनाचा काटा सावकाश, हट्टाने चढतो. म्हणून काट्याची उडी हे बहुतेक वेळा विजेच्या जोडणीतील दोषाचे लक्षण असते. याला एकच मोठा अपवाद आहे, आणि तो धोकादायक असल्यामुळे तपासणीची सुरुवात तिथूनच करावी. कूलंट कमी झाले असेल किंवा भरताना आत हवा अडकली असेल, तर हवेचा किंवा वाफेचा फुगा फिरत फिरत सेन्सरच्या टोकापाशी येतो. तेवढ्यापुरता काटा वेडावाकडा हलतो आणि फुगा पुढे गेला की स्थिर होतो. त्यामुळे रात्रभर थंड झालेल्या गाडीचे, आणि फक्त तशाच गाडीचे, रेडिएटरचे झाकण उघडून कूलंटची पातळी प्रत्यक्ष पाहावी. शेजारच्या प्लॅस्टिकच्या टाकीतील खुणेवर विसंबू नये. झाकणाचा रबर निकामी असेल तर टाकी भरलेली आणि रेडिएटर अर्धा रिकामा असे दृश्य सर्रास दिसते. पातळी वारंवार उतरत असेल तर गळती शोधावी लागेल आणि सेन्सरचा विषय तिथेच संपेल.

पातळी ठीक असेल तर स्कॅनर जोडून त्यावरील कूलंटचा आकडा आणि समोरचा काटा एकाच वेळी पाहावा. काटा उडाला आणि स्कॅनरचा आकडा जागचा हलला नाही, तर इंजिनाचा संगणक, म्हणजे ईसीयू, योग्य माहिती घेत आहे. दोष काटा, त्याची वायर किंवा अर्थिंग यांत आहे. अनेक जुन्या गाड्यांत काट्यासाठी एका वायरचा वेगळा सेन्सर आणि ईसीयूसाठी दोन वायरींचा वेगळा सेन्सर असतो, त्यामुळे ‘सेन्सर बदलला’ या वाक्यातील सेन्सर कोणता, हे आधी विचारून घ्यावे. एका वायरच्या सेन्सरचे अर्थिंग त्याच्या स्वतःच्या आट्यांमधून इंजिनाला मिळते. गळती नको म्हणून त्या आट्यांवर टेफ्लॉनची पट्टी सढळ हाताने गुंडाळली असेल, तर त्या पट्टीनेच अर्थिंग अडलेले असू शकते. हेडलाइट लावताच किंवा पंख्याचा वेग वाढवताच काटा सरकत असेल, तर अर्थिंगचाच दोष आहे असे जवळजवळ खात्रीने म्हणता येते.

काटा आणि स्कॅनर दोन्ही उडत असतील, तर इंजिन चालू ठेवून, पंखा आणि पट्टे यांपासून हात दूर राखून, सेन्सरकडे जाणारी वायर इंच-इंच पुढे सरकत हलवून पाहावी आणि साथीदाराला आकड्यावर लक्ष ठेवायला सांगावे. ज्या जागी हलवल्यावर आकडा उसळतो, तिथे दोष सापडतो.

हे सारे होईपर्यंत शंकेचा फायदा काट्याला द्यावा. काटा लाल पट्टीत गेला की गाडी बाजूला घेऊन थांबवावी. खोटा काटा मानून गाडी हाकल्याची शिक्षा हेड गॅसकेटला, म्हणजे इंजिनाचा ठोकळा आणि त्यावरचे हेड यांमधील पातळ पट्टीला, भोगावी लागते.

प्रश्न : स्कॅनरवर कूलंटचे तापमान उणे ४० अंश दिसते. यंत्र बिघडले आहे का?

उत्तर : स्कॅनर ठीक आहे, सेन्सरची साखळी कुठेतरी तुटली आहे. स्कॅनरकडे हे तापमान पाठवताना मोजणी उणे ४० पासून सुरू होते, म्हणजे शून्य आकडा आला की पडद्यावर उणे ४० दिसते. ईसीयू या सेन्सरला आतील एका ठरावीक रोधामार्फत (रेझिस्टरमार्फत) ५ व्होल्ट पुरवतो. वायर तुटली, कनेक्टर निघाला किंवा सेन्सर आतून उघडा पडला, की ते ५ व्होल्ट जसेच्या तसे राहतात आणि ईसीयू त्याचा अर्थ ‘कमालीची थंडी’ असा लावतो. याचा सोबती कोड बहुधा पी ०११८ असतो. उलट वायरी एकमेकींना चिकटल्या तर व्होल्टेज शून्याजवळ येते, तापमान अशक्य इतके उंच दिसते आणि पी ०११७ हा कोड येतो.

यातूनच एक सोपी चाचणी निघते. किल्ली चालू आणि इंजिन बंद ठेवून दोन पिनांच्या सेन्सरचा कनेक्टर काढावा. आकडा उणे ४० वर जायला हवा. मग कनेक्टरच्या दोन्ही टोकांना बारीक तारेने जोडावे. आकडा एकदम वरच्या टोकाला जायला हवा. दोन्ही घडले तर वायरिंग आणि ईसीयू निर्दोष आहेत आणि सेन्सर बदलणे रास्त आहे. आपल्या बाबतीत तार जोडूनही आकडा उणे ४० वरून हलला नाही, तर सेन्सरला हात लावण्याचे कारण नाही, वायर कुठे तुटली ते शोधावे. तीन-चार पिनांच्या सेन्सरवर मात्र गाडीचा वायरिंगचा नकाशा समोर नसताना हा प्रयोग करू नये. काही गाड्यांत दोष जाणवताच ईसीयू स्वतःच्या मनाचा एक आकडा धरून चालतो आणि तोच स्कॅनरवर दिसतो, हेही ध्यानात असू द्यावे.

प्रश्न : गाडीचे एव्हरेज बरेच घसरले आहे. सकाळी गाडी चटकन सुरू होते. परंतु गरम असताना दहा मिनिटे बंद ठेवली की सुरू व्हायला त्रास देते आणि सुरू होताना काळा धूर सोडते. चेक इंजिनचा दिवा लागत नाही. प्लग आणि एअर फिल्टर बदलून झाले.

उत्तर : आपण लक्षणे इतकी नेमकी लिहिली आहेत की निम्मे निदान पत्रातच आहे. थंड इंजिन सुखात आणि गरम इंजिन संकटात, याचा अर्थ गरम इंजिनाला कोणीतरी थंड समजत आहे. थंड इंजिनात पेट्रोलचे नीट बाष्प होत नाही, म्हणून ईसीयू सुरुवातीस जास्त पेट्रोल देतो. गरम इंजिनाला तितकेच पेट्रोल मिळाले तर प्लग ओले होतात, काळा धूर निघतो आणि गाडी सुरू होत नाही. गळणारा इंजेक्टर किंवा वाढलेला इंधनाचा दाब यांमुळेही हेच घडते, म्हणून सेन्सरवर शिक्का मारण्यापूर्वी गरम गाडी अडून बसली असतानाच स्कॅनर लावावा. तापलेल्या इंजिनाचा आकडा ८५ ते १०५ अंशांच्या आसपास असायला हवा. तो ५० किंवा ६० दिसला तर चोर सापडला. एक घरगुती खूणही सांगतो. बऱ्याच पेट्रोल गाड्यांत अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवला की ईसीयू इंधन तोडतो. तसे केल्यावर गाडी सुरू झाली, तर आत पेट्रोल जास्त झाले होते हे नक्की.

आता दिवा का लागत नाही, हा प्रश्न. हा सेन्सर म्हणजे तापले की ज्याचा रोध कमी होतो असा एक थर्मिस्टर असतो. पुष्कळ गाड्यांत आढळणाऱ्या एका प्रकारात हा रोध २० अंशांना सुमारे २,५०० ओहम, ८० अंशांना सुमारे ३२० आणि १०० अंशांना १८५ च्या आसपास असतो. (प्रत्येक गाडीचा तक्ता वेगळा असतो, आपल्या गाडीचे आकडे तिच्या दुरुस्ती-पुस्तिकेतूनच घ्यावेत.) तार तुटली किंवा चिकटली तर ईसीयूला दोष ओळखता येतो. परंतु सेन्सर ९० च्या जागी ५५ सांगत असेल, तर ५५ हेही इंजिनाचे एक शक्य कोटीतील तापमान असल्यामुळे तो ते मुकाट्याने मान्य करतो. गाडी चालू असताना धुरातील ऑक्सिजन मोजणारा ऑक्सिजन सेन्सर जादा पेट्रोल कमी करवून घेतो, त्यामुळे दोष आणखीच झाकला जातो. स्कॅनरवर दीर्घकालीन इंधन-दुरुस्तीचा (ईसीयू पेट्रोल किती टक्के कमी-जास्त करत आहे त्याचा) आकडा उणे बाजूला कलंडलेला दिसेल, एवढीच त्याची खूण उरते. सुरू करतानाच्या क्षणी मात्र ही राखण नसते, म्हणून त्रास तिथे उघडा पडतो.

सेन्सर आणि त्याचा कनेक्टर यांतील कोण दोषी, हे ओळखण्याची जी पद्धत मला सर्वाधिक आवडते ती साध्या बेरजेवर उभी आहे. समजा, कनेक्टरची पिन गंजून साखळीत ५०० ओहमचा जादा रोध शिरला आहे. सकाळी २० अंशांना सेन्सरचे २,५०० ओहम असतात. त्यांत ५०० मिळून ३,००० झाले, म्हणजे ईसीयूला १५-१६ अंश वाटतील. चार-पाच अंशांची चूक कोणाच्या लक्षातही येणार नाही. पण ९० अंशांना सेन्सरचे जेमतेम २४५ ओहम उरतात. त्यांत तेच ५०० मिळवले की ७४५ होतात आणि ईसीयूला इंजिन ५५ अंशांच्या खालीच आहे असे वाटते. दोष तोच, पण सकाळी अदृश्य आणि दुपारी पस्तीस अंशांचा! उलट कनेक्टरमध्ये पाणी किंवा कूलंट झिरपून दोन पिनांमध्ये चोरवाट तयार झाली असेल, तर ती चोरवाट २,५०० ओहमची धरली तरी थंड इंजिन २० ऐवजी ३८ अंशांचे भासते आणि गरम असताना जेमतेम तीन-चार अंशांचा फरक पडतो. तशी गाडी सकाळी रडते आणि तापल्यावर शहाण्यासारखी वागते. आपली गाडी पहिल्या प्रकारची आहे.

म्हणूनच रात्रभर उभ्या असलेल्या गाडीत किल्ली चालू करून कूलंट आणि आत घेतलेली हवा यांची तापमाने जुळतात का, हे पाहण्याची जी सर्वमान्य चाचणी आहे, ती आवश्यक असली तरी पुरेशी नाही. दोन्ही आकडे पाच-सहा अंशांच्या आत असावेत हे खरे. पण आपल्या गाडीसारखी गाडी ती परीक्षा पहिल्या वर्गात उत्तीर्ण होईल.

माझ्याच एका जुन्या गाडीला नेमका हा आजार जडला होता आणि गॅरेजने सेन्सर बदलून ती परत दिली होती. दोष तसाच राहिल्यावर मी त्यांच्याकडून जुना सेन्सर मागून घेतला, पातेल्यात पाणी ठेवले, सेन्सरचे टोक तळाला टेकणार नाही अशा बेताने दोऱ्याने लोंबकळत सोडले, शेजारी थर्मामीटर धरला आणि दोन पिनांना मल्टिमीटर लावला. पाणी तापू लागले तसे आकडे कुठेही न अडखळता उतरत गेले आणि उकळी फुटली तेव्हा मल्टिमीटर १९० दाखवत होता. काढून टाकलेला सेन्सर ठणठणीत होता. मग गाडीतील कनेक्टर उलटा करून विजेरीच्या उजेडात पाहिला, तेव्हा दोन पिनांपैकी एक शेजारणीपेक्षा दाण्याएवढी मागे सरकलेली दिसली आणि तिच्या कडेला हिरवट पूड साचलेली होती. नुसत्या टोकाने ती नव्या सेन्सरला कशीबशी स्पर्श करत होती. चोर सोडून संन्याशाला फाशी, ती अशी. पिन बदलली आणि गाडी सुधारली.

आपणही सेन्सरचा रोध तापलेल्या इंजिनावर थेट सेन्सरच्या पिनांपाशी मोजावा आणि तक्त्याशी ताडून पाहावा. तिथे तो बरोबर निघाला आणि स्कॅनर मात्र थंड दाखवत असला, तर मधली वाट तपासावी. सेन्सर पातेल्यात तपासण्यासाठी काढायचा झाला तर इंजिन पूर्ण थंड झाल्यावरच काढावा, आणि मोजताना आकडा मध्येच उड्या मारत असेल तर आतील थर्मिस्टर तडकला आहे असे समजून सेन्सर टाकून द्यावा.

प्रश्न : गाडी सुरू करताच रेडिएटरचा पंखा पूर्ण वेगाने फिरू लागतो आणि एसी लागत नाही. दोन वेगळे बिघाड असतील का?

उत्तर : बहुधा एकच. कूलंटच्या सेन्सरवर विश्वास उरला नाही की ईसीयू वाईटात वाईट शक्यता गृहीत धरून पंखा चालू ठेवतो आणि इंजिनावरचा भार कमी करण्यासाठी एसीचा कंप्रेसर बंद करतो. प्रथम कोड वाचून घ्यावेत आणि वर सांगितलेली कनेक्टर-तारेची चाचणी करावी. सेन्सर निर्दोष निघाला तर पंख्याच्या रिलेकडे, म्हणजे ईसीयूच्या इशाऱ्यावर पंख्याची वीज चालू-बंद करणाऱ्या स्विचकडे, वळावे. त्याचे संपर्क वितळून चिकटले असतील तर ईसीयू काहीही म्हणो, पंखा फिरतच राहतो. रिले उपसून काढल्यावरही पंखा थांबत नसेल, तर दोष वायरिंगमध्ये आहे. एसीच्या गॅसचा दाब मोजणारा सेन्सर बिघडल्यासही पंखा आणि कंप्रेसर यांची अशीच जोडगोळी बिनसते, हे विसरू नये. तोवर पंख्याचा कनेक्टर काढून गाडी चालवण्याचा मोह टाळावा. आवाज त्रासदायक असला तरी पंखा आपले काहीही बिघडवत नाही.

प्रश्न : पी ०१२८ हा कोड सारखा येतो. सेन्सर दोनदा बदलला. मोकळ्या रस्त्यावर वेगात असताना काटा खाली येतो आणि गर्दीत पुन्हा मध्यावर जातो.

उत्तर : आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असे झाले आहे. ‘इंजिन अपेक्षित वेळेत थर्मोस्टॅटच्या तापमानापर्यंत पोहोचले नाही’ एवढेच हा कोड सांगतो, आणि आपला सेन्सर ती गोष्ट प्रामाणिकपणे कळवत आहे. (थर्मोस्टॅट म्हणजे इंजिन तापेपर्यंत रेडिएटरकडे जाणारे कूलंट अडवून धरणारी झडप.) वेगात वारा जास्त लागतो, तेव्हा इंजिन थंड पडते आणि गर्दीत वारा नसला की तापते. असे गाडीच्या वेगाबरोबर बदलणारे खोटे बोलणे कोणत्याही सेन्सरला जमणार नाही. थर्मोस्टॅट उघडाच राहून गेला आहे. खात्रीसाठी थंड इंजिन सुरू करून रेडिएटरकडे जाणारा वरचा रबरी पाइप अधूनमधून हाताने चाचपावा. निरोगी थर्मोस्टॅट ८० ते ९५ अंशांच्या दरम्यान, त्या त्या गाडीच्या रचनेनुसार, उघडतो. तोवर पाइप थंड राहून मग एकदम गरम झाला पाहिजे. आपल्याकडे तो पहिल्यापासून हळूहळू कोमट होत जाईल. नवा थर्मोस्टॅट त्याच गाडीसाठी नेमून दिलेल्या तापमानाचाच घ्यावा, आणि ‘उष्ण हवेत थर्मोस्टॅट लागतच नाही’ म्हणून तो काढून टाकण्याचा सल्ला कोणी दिला तर नम्रपणे नाकारावा.

प्रश्न : आमच्या गाडीचा काटा शेवटपर्यंत मध्यावर होता आणि तरीही इंजिन तापून हेड गॅसकेट गेले. सेन्सर सदोष होता असे म्हणता येईल का?

उत्तर : खेदाने सांगावे लागते की सेन्सर कदाचित पूर्ण निर्दोष होता. सेन्सर इंजिनाचे नव्हे, तर आपल्या टोकाला जे काही स्पर्श करत असेल त्याचे तापमान सांगतो. पाइप फुटून कूलंट वाहून गेले की ते टोक कोरडे पडते आणि त्याच्याभोवती नुसती हवा उरते. द्रवाइतकी उष्णता हवा त्याच्यापर्यंत पोहोचवू शकत नाही, त्यामुळे सिलिंडरच्या भिंती भाजत असताना काटा निवांत राहतो किंवा चक्क खाली येतो. काही इंजिनांत याच कारणासाठी कूलंटऐवजी हेडच्या धातूचे तापमान मोजणारा सेन्सर बसवलेला असतो.

दुसरे कारण काट्याच्या स्वभावात आहे. आजच्या बहुतेक गाड्यांत काटा मुद्दाम स्थिर राखलेला असतो. साधारण ७५ ते १०५ अंशांपर्यंत काहीही झाले तरी तो मध्यावर बसून राहतो, म्हणजे चालकाला उगाच धास्ती वाटू नये, आणि हलू लागतो तेव्हा पाणी डोक्यावरून गेलेले असते. मला ही सोय कधीच पटलेली नाही. स्कॅनरचा लहान संच गाडीत कायम ठेवून खरा आकडा पाहणे हा त्यावरचा चांगला उपाय आहे. एक जुनी खूणही उपयोगी पडते : हीटर लावलेला असताना त्यातून अचानक थंड हवा येऊ लागली आणि काटा मात्र गरम किंवा मध्यावर असला, तर कूलंट संपत आल्याचे समजून तत्काळ थांबावे. डॅशबोर्डवर कूलंटच्या पातळीचा वेगळा दिवा असेल तर आपले नशीब. पुष्कळ गाड्यांत तो नसतो.

प्रश्न : तासभर प्रवास झाला की एसीची हवा क्षीण होते. गॅस भरून झाला. एसी थोडा वेळ बंद ठेवला की पुन्हा पूर्ववत होते.

उत्तर : पंख्याचा आवाज तोच आणि हवा मात्र कमी, असे असेल तर आतील कूलिंग कॉइलवर बर्फ साचत आहे. कॉइलच्या पात्यांमध्ये खुपसलेला एक छोटा सेन्सर ती गोठण्याच्या बेतात आली की कंप्रेसर थांबवतो. सेन्सर जागेवरून निसटला असेल किंवा खऱ्यापेक्षा गरम सांगत असेल, तर कंप्रेसर थांबत नाही. हा सेन्सर तपासणे सर्वांत सोपे आहे, कारण त्याची कसोटी निसर्गाने तयारच ठेवली आहे : बर्फाचा चुरा आणि पाणी यांचे मिश्रण ढवळून त्यात सेन्सर बुडवला की स्कॅनरवर ० अंश किंवा अगदी त्याच्या जवळचा आकडा यायला हवा. चार-पाच अंश दिसले तर सेन्सर बदलावा. त्याआधी मात्र केबिनचा एअर फिल्टर काढून पाहावा. तो चोंदला असला तरी कॉइलवरून वाहणारी हवा घटून बर्फ धरतो, आणि आपण अद्याप त्याचा उल्लेख केलेला नाही. गॅस कमी असतानाही बर्फ साचतो, परंतु तो आपण भरून घेतला आहे. किती भरला, हे वजनाने मोजले होते की अंदाजाने, तेवढे विचारून घ्यावे.

प्रश्न : डॅशबोर्डवर बाहेरचे तापमान प्रत्यक्षापेक्षा आठ-दहा अंशांनी जास्त दिसते.

उत्तर : गाडी उभी असताना किंवा रखडत चालताना दिसत असेल तर चिंता नको. तो सेन्सर पुढच्या बंपरच्या आड असतो आणि रेडिएटरची व रस्त्याची धग त्याला लागते. मोकळ्या रस्त्यावर दहा-पंधरा मिनिटे चालवूनही आकडा उतरला नाही, तर तो सेन्सर क्लिपमधून निसटून रेडिएटरला टेकला आहे का ते पाहावे.

प्रश्न : सेन्सरचे खरे-खोटे करण्यासाठी हातात धरण्याचे इन्फ्रारेड थर्मामीटर घेतले. ते थर्मोस्टॅटच्या अॅल्युमिनियमच्या घरावर धरले तर ५५ अंश दाखवते आणि स्कॅनर ९२ दाखवतो. कोणावर विश्वास ठेवावा?

उत्तर : सध्या तरी स्कॅनरवर. हे यंत्र पृष्ठभागातून बाहेर पडणारे उष्णतेचे किरण मोजते आणि चकचकीत अॅल्युमिनियम ते फारच कमी सोडते. उलट आसपासच्या थंड वस्तूंचे किरण आरशासारखे परतवते. त्यामुळे उघड्या धातूवर आकडा हमखास कमी येतो. इंजिन थंड असताना सेन्सरच्या अगदी शेजारी काळ्या, चमक नसलेल्या, उष्णता सोसणाऱ्या चिकटपट्टीचा दोन बोटे रुंद तुकडा पक्का चिकटवावा. इंजिन तापून पंखा एकदा सुरू होऊन थांबल्यावर यंत्र एक वीतभर अंतरावर धरून त्या पट्टीवरच रोखावे; लांबून धरल्यास शेजारच्या भागांचे तापमानही त्यात मिसळते. धातूची बाहेरची बाजू आतील कूलंटपेक्षा काही अंशांनी थंडच असते, म्हणून पट्टीवर ८५ च्या आसपास आकडा आला तर आपला सेन्सर खरे सांगत आहे. पट्टी लावूनही ५५ च आला, तर मात्र मल्टिमीटर घेऊन बसावे आणि तो आकडा आम्हांलाही कळवावा.